दीड तासात बसेल तोच स्पेअर

कोइम्बतूरबाहेरचा कारी मोटर स्पीडवे सुमारे २.१ किलोमीटरचा, तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा. पुण्या-मुंबईच्या हौशी रेसरला यांपैकी कुठेही गाडी न्यायची म्हणजे एका बाजूने हजार-बाराशे किलोमीटरचा, कधी त्याहून लांबचा प्रवास. पदरी व्यावसायिक टीम नसते, ट्रकभर सामान नसते. गाडी, एक-दोन मित्र, जमलेच तर ओळखीचा एखादा मिस्त्री आणि डिकीत किंवा सोबतच्या गाडीत मावेल तेवढा पसारा, एवढ्यावर भागवायचे असते. निघण्याच्या आदल्या रात्री मग दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, गॅरेजमध्ये हाताला लागेल ते सगळे भरणारी. दुसरी, जे महाग आणि मिळायला अवघड ते आधी भरणारी. दोघांच्याही डोक्यात प्रश्न एकच असतो, काय मोडेल? माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे. मोडलेली गोष्ट त्या जागी, त्या माणसांच्या हातून, पुढच्या फेरीच्या आत बसेल का, हा त्याचा उरलेला अर्धा भाग, आणि पेटी भरताना तोच जास्त उपयोगी पडतो. हौशी स्पर्धेचा दिवस पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्या आणि मधे तास-दीड तासाची उसंत असा तुकड्यातुकड्यांचा असतो. त्या उसंतीत जो बसत नाही तो स्पेअर, कितीही किमती असला तरी, त्या दिवसापुरते नुसते ओझे आहे.

मोजक्या जागेत कोणते सुटे भाग न्यायचे, या कोड्यावर मोटरस्पोर्टच्या बाहेर फार गंभीरपणे डोके खपवले गेले आहे. १९५० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाची बॉम्बर विमाने दूरच्या तळांवर पाठवताना त्यांच्यासोबत सुट्या भागांचा एक संच जात असे. त्याला ‘फ्लाय-अवे किट’ म्हणत. संचाचे वजन ठरलेले, भागांचे प्रकार हजारो. रँड या संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी विमानांच्या सुट्या भागांच्या मागणीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसले की बहुतेक भागांना मागणी अगदीच तुरळक असते आणि ती कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून त्यांनी सुचवलेली रीत अशी: प्रत्येक वस्तूबाबत विचारायचे, हिच्या एका नगामुळे खोळंब्याची शक्यता किती घटते, आणि त्यासाठी किती वजन खर्ची पडते? हे गुणोत्तर ज्याचे मोठे ते आधी भरायचे. मोजक्या वजनात जास्तीत जास्त मोलाचे सामान कसे भरायचे, या पाठीवरच्या पिशवीच्या प्रसिद्ध कोड्यासाठी १९५७ मध्ये जॉर्ज डँटझिग या गणितज्ञाने मांडलेली युक्तीही याच जातीची आहे. हौशी रेसरला हे गणित कागदावर मांडायची गरज नाही, पण त्याचे दोन निष्कर्ष त्याने उचलावेत. पहिला असा की एकाच भागाचे दोन नग सहसा नेऊ नयेत. समजा एखादा भाग दर दहा दौऱ्यांत सरासरी एकदा निकामी होतो. हे बिघाड एकमेकांशी संबंध नसलेले मानले, तर त्याच दौऱ्यात दुसरा नगही लागण्याची शक्यता दोनशेत एकाच्या आसपास उतरते. त्या दुसऱ्या नगाच्या जागी वेगळ्या दहा लहान वस्तू मावतात. दुसरा निष्कर्ष असा की आपल्या बाबतीत खरी टंचाई किलोंची नाही, मिनिटांची आहे. वजन थोडेफार वाढवता येते, सोबतच्या गाडीवर कॅरिअर लावता येतो. शर्यतीची वेळ मात्र आयोजक आपल्यासाठी पुढे ढकलत नाहीत. तेव्हा गुणोत्तराच्या खाली वजनाऐवजी मिनिटे लिहावीत.

मिनिटे लिहू लागलो की यादीचा चेहरामोहरा बदलतो. आता यादी भागांची राहत नाही, कामांची होते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा ड्राइव्ह शाफ्ट घ्या. पॅडॉकमध्ये असा शाफ्ट घेऊन बसलेली आणि तरीही शर्यतीला मुकलेली माणसे सापडणे अवघड नाही. कारण शाफ्ट बदलायचा तर आधी हबचा मोठा नट सुटला पाहिजे. त्याला त्याच मापाचे बॉक्स आणि लांब दांडा लागतो, आणि तो नट घट्ट बसलेला असतो हे ज्याने एकदा सोडवला त्याला सांगावे लागत नाही. मग बॉल जॉइंट वेगळा करायचा. शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढला की तेल सांडते, म्हणजे खाली ट्रे हवा, वर भरायला गिअर ऑइल हवे आणि ते अडचणीच्या जागी घालायला नळी लावलेले नरसाळे किंवा पिचकारी हवी. काढताना ऑइल सील दुखावले तर नवे सील हवे. हबचा नट पुन्हा वापरण्याजोगा नसेल तर नवा नट. शिवाय गाडी उचलून स्थिर ठेवायला दोन जॅक स्टँड. यातले एक जरी घरी राहिले तरी बाकीचे सगळे सामान फुकट वाहून आणले. म्हणून शाफ्ट, सील, नट, तेल, नरसाळे आणि ते एक बॉक्स हे सगळे एकाच पिशवीत बांधावे आणि पिशवीवर भागाचे नाव लिहिण्याऐवजी कामाचे नाव आणि लागणारा वेळ लिहावा. तो वेळ कागदावर अंदाजाने टाकायचा नाही. घरी एकदा ते काम त्याच दोन माणसांनी, घड्याळ लावून करून पाहायचे. अडीच तास लागले तर ती पिशवी रविवारच्या शर्यतीची नाही, फार तर शनिवार रात्रीची आहे. ती न्यावी की नाही हे मग स्पर्धेला मधे रात्र आहे का यावर ठरते.

या कसोटीवर सगळ्यात वरचढ ठरतात ते ब्रेक, आणि त्यामागचे कारण भौतिकशास्त्रातले आहे. १,००० किलोची गाडी ताशी १४० किलोमीटरवरून ६० वर आणताना सहा लाख ज्यूलहून अधिक गतिज ऊर्जा कुठेतरी जावी लागते. हवेचा विरोध आणि इंजिन थोडा वाटा उचलतात. बाकीची सारी उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये शिरते. एवढ्या उष्णतेत जवळपास दोन लिटर पाणी पंचवीस अंशांवरून उकळीला येईल. असे ब्रेक एका फेऱ्यात तीन-चार वेळा, आणि फेऱ्यामागून फेरे. रस्त्यावर ब्रेकना निवायला अवधी मिळतो, ट्रॅकवर मिळत नाही. ही उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक सांगते. पण हे द्रव हवेतली आर्द्रता शोषते, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की तेच मानक १५५ अंशांवर समाधान मानते. उकळलेल्या द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट फरशीला टेकते. म्हणजे सगळ्यात भीतिदायक बिघाडावरचा उपाय आहे सीलबंद डब्यातले काही शे रुपयांचे ताजे ब्रेक ऑइल, ब्लीडिंग निपलच्या मापाचा रिंग पाना, हातभर पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली आणि पेडल दाबायला एक माणूस. पुढच्या पॅडचा एक जोड आणि पिस्टन मागे सारायला सी-क्लॅम्प घेतला की काम पूर्ण. सरावलेल्या हातांना अर्धा तास पुरतो. मिनिटांच्या हिशेबात याच्या जवळपास येणारे फार थोडे आहे, तरी अर्धवट वापरलेला, झाकण सैल झालेला जुना डबा ‘आहे ना घरात’ म्हणून पेटीत टाकणारे पुष्कळ असतात. दमट पावसाळ्यानंतर तो डबा नेणे न नेण्यापेक्षा वाईट, कारण तो असल्याने नवा घेतला जात नाही.

ब्रेकनंतरचे दुसरे मोठे क्षेत्र पाण्याचे. मार्च २०१४ मध्ये मेक्सिको रॅलीत थिएरी न्यूव्हिलची ह्युंदाई शेवटची स्टेज संपवून सर्व्हिस पार्ककडे परतत असताना रेडिएटर गळू लागला. जागतिक रॅलीत दोन सर्व्हिसच्या मधे टीमला गाडीला हात लावता येत नाही. चालक आणि सहचालकाने गाडीत असेल त्यावर भागवायचे असते. न्यूव्हिल आणि त्याचा साथीदार निकोला जिल्सूल यांच्या हाताशी स्टेजच्या शेवटी मिळालेली कोरोना बिअरची भली मोठी बाटली होती. त्यांनी गळती शक्य तितकी बुजवली, बिअर रेडिएटरमध्ये ओतली आणि गाडी वेळेत पोहोचवली. रॅलीत त्यांना तिसरा क्रमांक मिळाला, आणि तो ह्युंदाईच्या त्या गाडीचा जागतिक रॅलीतला पहिला पोडियम ठरला. हा किस्सा जुगाडाचे कौतुक म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरेच दिसते: कोट्यवधींच्या गाडीला त्या क्षणी कमी पडले होते ते पाणी. हौशी गाडीतही पाण्याच्या बाजूचे बिघाड असेच स्वस्त वस्तूंचे असतात. होज पाइप, होज क्लिप, थर्मोस्टॅटचे पॅकिंग, फॅनचा रिले, आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे रेडिएटरची टोपी. टोपीतली स्प्रिंग साधारण एक बारच्या आसपास दाब धरते, म्हणून आतले पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग सैल झाली की तेच पाणी शंभराला उकळते आणि इंजिन तापले म्हणून लोक रेडिएटरला, पंपाला, शेवटी हेड गॅस्केटला दोष देत बसतात. नवी टोपी खिशात मावते, बसवायला मिनिटही लागत नाही. वीस लिटर साधे पाणी मात्र सोबत हवेच. ते ट्रॅकवर नक्की मिळेल, पण आपल्या पिटपासून किती लांब, हे उन्हात कॅन उचलताना कळते.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो धाडसी मंडळींकडून. अमेरिकेत हौशी लोक रात्रीतून आख्खे इंजिन बदलतात, मग आपण का नाही? खरे आहे. जे लॅम यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ या स्पर्धेत सुरक्षेची साधने वगळता गाडीवर ५०० डॉलरच खर्च करण्याची मर्यादा घातली होती. तिथे भंगारातून आणलेले इंजिन पहाटेपर्यंत बसवून पुन्हा ट्रॅकवर उतरणे हा खेळाचाच भाग आहे, आणि सर्वांत अचाट दुरुस्तीसाठी वेगळे बक्षीसही दिले जाते. पण या उदाहरणाने माझ्या कसोटीला धक्का बसत नाही, उलट आधार मिळतो. लेमन्सची शर्यत अनेक तासांची असते. दहा तास गमावूनही उरलेल्या वेळात गाडी धावते आणि त्या धावण्याला तिथे किंमत असते. तिथली उसंतच मोठी, म्हणून तिथल्या पेटीत इंजिनला जागा आहे. आपल्याकडच्या दहा-बारा फेऱ्यांच्या शर्यतीला इंजिन उचलायची घोडी आणि चेनपुली नेणे म्हणजे नुसती ऐट. गिअरबॉक्सही त्याच रांगेतला. क्लचची केबल मात्र, जुन्या मारुतींसारखा केबलचा क्लच असेल तर, पहिल्या दहा वस्तूंत हवी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोइम्बतूर हे पंपांचे, मोटारींचे, लेथ मशिनचे शहर. चेन्नईच्या आसपास तर वाहन कारखान्यांचे जाळे. मारुतीचा भाग तिथे मिळणार नाही तर कुठे मिळणार? हे बरोबरच आहे, आणि म्हणून पेटीतून पुष्कळ काही बाहेर काढता येते: बॅटरी, इंजिन ऑइलचे जादा डबे, बल्ब, स्टार्टर मोटर, अल्टरनेटर. पण दुकानात असणे आणि वेळेत हातात पडणे यांत रविवार आडवा येतो. शर्यती शनिवार-रविवारी, दुकाने रविवारी बंद किंवा दुपारपर्यंतच, ट्रॅक शहराबाहेर, आणि पुण्याच्या मिस्त्रीने तमिळ दुकानदाराला फोनवरून मागच्या मॉडेलचा नेमका भाग समजावायचा. यावरचा उपाय सामानात नाही, कागदात आहे. ज्या वस्तू तिथून घ्यायच्या ठरवल्या त्यांचे कंपनीचे पार्ट नंबर लिहून न्यावेत. नंबराला भाषेची अडचण येत नाही. शुक्रवारी पोहोचल्यावर दुकानाची एक फेरी मारून वेळा विचारून ठेवाव्यात. आणि जे दुकानात मिळूच शकत नाही, म्हणजे गाडीत आपण बदललेले सगळे, ते मात्र अपवाद न करता सोबत असावे. रेसचे पॅड, वेगळ्या लांबीचे व्हील स्टड आणि त्यांचे नट, बनवून घेतलेला ब्रेकचा होज, पॉलियुरेथेनचे बुश. मूळ गाडीपासून आपण जितके लांब गेलो, तितकी पेटी जड होते. फेरबदलांचा हा छुपा खर्च कुणी आधी सांगत नाही.

तिसरा आक्षेप नेटकेपणाचा अभिमान असलेल्यांचा: गाडी नीट तयार केली तर स्पेअर लागतातच कशाला? निघण्यापूर्वी सगळे नवे टाका. पटण्यासारखे वाटते, पण नोंदी वेगळे सांगतात. युनायटेड एअरलाइन्सच्या नॉलन आणि हीप यांनी १९७८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यासाठी केलेल्या अहवालात, तपासलेल्या विमानभागांपैकी ८९ टक्के भागांमध्ये ‘आता म्हातारा झाला, बदला’ असे म्हणता येईल असा वयाचा टप्पाच आढळला नाही. आणि ६८ टक्के भागांसाठी सर्वांत धोक्याचा काळ होता तो बसवल्यानंतर लगेचचा. विमान आणि हॅचबॅक यांच्यात फरक आहे हे मान्य. पॅड, टायर, क्लच प्लेट, बेल्ट हे झिजणारेच भाग आहेत आणि ते वेळेवर बदललेच पाहिजेत. तरी कारण दोन्हीकडे सारखेच: नव्या भागात कारखान्यातला दोष असू शकतो, आणि त्याहून जास्त वेळा बसवणाऱ्या हाताची चूक. एखादा बोल्ट अर्धवट आवळलेला, एखादे सील दुमडलेले. शुक्रवारी निघायचे आणि गुरुवारी रात्री वॉटर पंप बदलायचा, ही तयारी धोका घटवत नाही, नवा आणते. बदल दोन-तीन आठवडे आधी करावेत, गाडी चालवून पाहावी, आणि मग त्यातून एक फायदाही निघतो. चालू स्थितीत असताना काढलेला जुना शाफ्ट, जुना पंप, जुनी कॉइल हाच उत्तम स्पेअर ठरतो. तो या गाडीत बसतो हे सिद्ध झालेले असते, त्याच्या बालपणीची दुखणी होऊन गेलेली असतात, आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. चकचकीत डब्यातला, कधीच बसवून न पाहिलेला भाग त्याच्यापुढे कमी भरवशाचा.

हत्यारांबाबत फार लिहायला नको, कारण त्यांची यादी करण्याची गरजच पडू नये. दौऱ्याआधीचा महिनाभर गाडीवरचे प्रत्येक काम फक्त प्रवासाच्या पेटीतल्या हत्यारांनी करावे. भिंतीवरचा एखादा पाना उचलावा लागला, की तो पेटीत गेला. महिन्याअखेर जे एकदाही उचलले नाही ते बाहेर. जपानी वळणाच्या गाडीला १०, १२, १४, १७ ही मापे सतत लागतात आणि जर्मन गाडीला १३, १६, १८ व वर टॉर्क्स आणि बारा कोनांचे बिट. हे पुस्तकातून पाठ करण्यापेक्षा अशा महिन्याने आपोआप ठरते. दहाचे बॉक्स दोन घ्यावीत. एकाच भागाचे दोन नग नेऊ नयेत या नियमाला हा अपवाद, कारण ते मोडत नाही, हरवते. त्याशिवाय दोन मोजमापाची साधने हवीत, ज्यांना लोक चैन समजतात. एक टॉर्क पाना: लहान गाड्यांचे चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात, गाडीच्या पुस्तकात नेमका आकडा असतो, आणि तापून निवलेल्या चाकावर तो पुन्हा तपासावा लागतो. दुसरे टायरच्या हवेचे गेज. ३० अंशांना २८ पीएसआय भरलेली हवा टायर ८० अंशांना तापल्यावर ३५ च्या आसपास जाते. हे गेजविना पायाने टायर दाबून कळत नाही, आणि सात पीएसआयने गाडीचा स्वभाव इतका बदलतो की चालक स्वतःलाच दोष देऊ लागतो. डोक्याला लावायचा दिवा, बाइंडिंग वायर, केबल टाय, अॅल्युमिनियम टेप, एम-सील, फ्यूज, इन्सुलेशन टेप ही सगळी मिळून बुटाच्या खोक्यात मावतात.

पण याच खोक्याला एक हद्द आहे आणि ती पेटी भरतानाच ठरवलेली बरी. ट्रॅकवर, शर्यतीला वीस मिनिटे उरली असताना, कुणाचाही विवेक शाबूत नसतो. बंपर वायरने बांधता येतो, एक्झॉस्ट पत्र्याने लपेटता येतो, गळकी पाण्याची नळी कापून पुन्हा चढवता येते. ब्रेकची नळी, स्टिअरिंगचा टाय रॉड, तडा गेलेला सस्पेन्शन आर्म, सीट बेल्टचा अँकर, पेट्रोलची गळती यांवर टेप, वायर किंवा घाईचे वेल्डिंग चालत नाही. त्यांचा बसणारा भाग सोबत असेल तर काम करायचे, नसेल तर दिवस संपला. अपघातानंतर गाडी पुन्हा तांत्रिक तपासणीला दाखवावी लागते, आणि तपासनीसाच्या डोळ्यांना वायर दिसते.

शेवटी एक पिशवी स्पर्धेची नाही, परतीची. जी गाडी ट्रॅकवर पळाली तीच चालवत हजार-बाराशे किलोमीटर घरी यायची असेल, तर रस्त्याचे जुने पॅड, हवा तपासलेली स्टेपनी, सीलबंद ब्रेक ऑइल आणि फॅन बेल्ट हे वेगळे बांधून ठेवावे आणि शर्यत कितीही अटीतटीची झाली तरी त्यांना हात लावू नये. रविवारी संध्याकाळी निघण्यापूर्वी ब्रेक पुन्हा ब्लीड करावेत, चाकाचे नट टॉर्क पान्याने तपासावेत, आणि पेटीच्या झाकणाला चिकटवलेल्या कागदावर काय लागले आणि काय न उघडता परत चालले आहे, एवढे तिथेच लिहून टाकावे. घरी पोहोचेपर्यंत अर्धे विसरलेले असते.